सोमवारच्या बँडची मधली रांग

न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवरच्या १७८ क्रमांकाच्या इमारतीखाली एक त्रिकोणी तळघर आहे. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली आपला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब तिथे आणला. सुरुवातीला कविता, लोकगीतं, नकला असं सगळंच तिथे चालायचं. १९५७च्या सुमारास क्लब पूर्णपणे जॅझचा झाला. सनी रॉलिन्स, बिल एव्हान्स, जॉन कोल्ट्रेन यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं तिथे झाली आणि सव्वाशे माणसांची ती खोली जगभरच्या रसिकांना नावानिशी माहीत झाली. पण तिथे सर्वांत लांबचा मुक्काम ठोकला तो कुणा एका कलावंताने नव्हे, तर एका बिग बँडने. ७ फेब्रुवारी १९६६च्या सोमवारी तो पहिल्यांदा वाजला. पुढच्या पंचवीस वर्षांत बँडचं नाव दोनदा बदललं आणि ज्या दोघांच्या नावावर तो उभा होता ते दोघेही गेले. सोमवार मात्र तोच राहिला.

या वाटचालीतला एक धागा सहसा सांगितला जात नाही. तो आहे ट्रॉम्बोनचा. हा बँड सुरू केला एका कॉर्नेटवादकाने आणि एका ड्रमरने. पण त्याच्या अडचणीच्या प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी ट्रॉम्बोनवालाच पुढे आलेला दिसतो: कधी लिहायला, कधी सांभाळायला. बँडचे दोन महत्त्वाचे आल्बमही दोन ट्रॉम्बोनवादकांच्या लेखणीला वाहिलेले आहेत. हा योगायोग नाही, असं मला वाटतं.

परत आलेल्या वह्या

थॅड जोन्स मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकचा, जन्म १९२३चा. घरात संगीत मुरलेलं. थोरला भाऊ हँक पियानोवादक, धाकटा एल्विन ड्रमर, आणि तिघेही जॅझच्या इतिहासात आपापल्या जागी पक्के. थॅड १९५४ ते १९६३ काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवत होता. तिथे तो रचनाही लिहायचा. बेसीने त्याच्याकडून एका अख्ख्या आल्बमचं संगीत लिहून घेतलं, पण ते आपल्या बँडच्या चालीचं नाही म्हणून परत केलं. बेसीचा हिशेब चूक नव्हता. त्याचा बँड मोकळ्या, नेमक्या झोकावर चालायचा, आणि थॅडच्या रचनांत स्वरांची दाटी होती, वळणं अनपेक्षित होती. पण त्या परत आलेल्या वह्यांमुळेच नव्या बँडला पहिल्या दिवसापासून वाजवायला स्वतःचं असं काही मिळालं.

मेल लुइस बफलोचा, जन्म १९२९चा. पन्नाशीच्या दशकात तो स्टॅन केंटनच्या बँडचा ड्रमर होता. केंटनचं ट्रॉम्बोनांवर विशेष प्रेम. पाच-पाच ट्रॉम्बोनांची भिंत उभी करणं ही त्याची ओळखच होती. पुढे मेल जेरी मलिगनच्या ‘कॉन्सर्ट जॅझ बँड’मध्ये गेला. तिथे त्याच्या शेजारी होता बॉब ब्रुकमायर, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवणारा आणि मलिगनसाठी संगीत लिहिणारा. ही ओळख पुढे कामी येणार होती.

१९६५च्या अखेरीस थॅड आणि मेलने तालमी सुरू केल्या, त्याही मध्यरात्री. कारण अगदी व्यवहाराचं होतं. ज्या वादकांना त्यांनी बोलावलं होतं ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतले सर्वांत मागणी असलेले वादक होते. दिवसा जाहिराती आणि आल्बमची ध्वनिमुद्रणं, संध्याकाळी टीव्ही किंवा ब्रॉडवे. पैसा चांगला, पण मनासारखं वाजवायला जागा नाही. सोमवारी थिएटरं आणि क्लब बहुधा बंद असायचे, म्हणून ती रात्र मोकळी. मॅक्स गॉर्डनने फेब्रुवारीतले तीन सोमवार देऊन पाहू असं म्हटलं. पहिल्याच रात्री गर्दी रस्त्यावर आली. जॉर्ज क्लॅबिन नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती रात्र टेपवर घेतली. ते ध्वनिमुद्रण अर्धशतकानंतर, २०१६मध्ये, ‘ऑल माय यस्टरडेज’ या नावाने रीतसर बाहेर आलं. त्यात ऐकू येते ती स्टुडिओत दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीने वाजवून आलेल्या माणसांची सुटका.

ट्रॉम्बोन बसतो कुठे

आपल्याकडे ट्रॉम्बोन बहुतेकांनी पाहिलेला असतो तो पोलीस बँडमध्ये किंवा वरातीत. लांबलचक पितळी नळी पुढेमागे करणारा वादक नजरेत भरतो, पण तो नेमकं काय वाजवतोय हे सहसा कानावर ठरत नाही. बिग बँडमध्येही त्याची थोडीफार हीच गत आहे. मांडणी साधारण अशी असते: पुढे पाच सॅक्सोफोन, मागे चार ट्रम्पेट, आणि या दोहोंच्या मध्ये चार ट्रॉम्बोन. त्यातले तीन टेनर, चौथा बेस. बाजूला पियानो, डबल बास, ड्रम्स. धून बहुधा सॅक्सोफोनकडे, लखलखाट ट्रम्पेटकडे. मधली रांग त्या दोघांना जोडणारे स्वर धरते.

टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर सुमारे पावणेतीन मीटर भरते. तिचा सरकता भाग सात जागांवर धरता येतो, आणि प्रत्येक पुढच्या जागेला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. एका जागेवर ओठांच्या ताणाने अनेक स्वर निघतात. या जागांवर कुठलीही खूण नसते. वादकाला त्या कानाने आणि हाताच्या सवयीने पकडाव्या लागतात. दोन जागांच्या मधला प्रवासही ऐकू येतो, म्हणून या वाद्यात मींड अंगभूत आहे. पण वेगवान तानांसाठी तीच अडचण ठरते: हात एवढा लांब नेणार किती झपाट्याने? १९४०च्या दशकात इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सनने बीबॉप या वेगवान जॅझ-शैलीच्या वेगात स्वच्छ ट्रॉम्बोन वाजवून दाखवला, तेव्हा अनेकांना तो व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाटला. व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनला सरकती नळी नसते. ट्रम्पेटसारखे तीन व्हॉल्व्ह असतात. वेग सोपा होतो, मींड मात्र जाते. ब्रुकमायरने नेमकं तेच वाद्य निवडलं आणि त्यातून एक खरखरीत, बोलका, किंचित थट्टेखोर आवाज काढला.

मधल्या रांगेतून सगळा बँड दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. पुढच्या सॅक्सोफोनचा स्वर कुठे जातोय, मागचा ट्रम्पेट कुठे चढतोय, आणि आपण त्या दोघांच्या मध्ये कुठला स्वर धरला तर तो सांधा बसेल, याचं शिक्षण ट्रॉम्बोनवाल्याला रोज मिळतं. ग्लेन मिलर आणि टॉमी डॉर्सी हे दोघेही ट्रॉम्बोनवाले बँडनेते होते. मेल्बा लिस्टन ही ट्रॉम्बोनवादक, आणि त्याहून मोठी संगीतलेखिका. जे. जे. जॉन्सननेही पुढे लेखनाकडेच वळण घेतलं. एवढी नावं एका वाद्यातून यावीत याचं कारण मला त्या बसण्याच्या जागेत दिसतं.

थॅड-मेलच्या बँडची मधली रांग सुरुवातीपासून मातब्बर होती. पहिल्या काळात ब्रुकमायर, गार्नेट ब्राउन, जॅक रेन्स आणि बेस ट्रॉम्बोनवर क्लिफ हेदर. पुढे चार्ल्स मिंगसकडे गाजलेला जिमी नेपर आला. मग क्वेंटिन जॅक्सन आला. त्याने एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनच्या तोंडाशी प्लंजरचं रबर धरून माणसासारखं बोलायला लावणारी जुनी परंपरा चालवली होती. सत्तरच्या दशकात जॅनिस रॉबिन्सनही या रांगेत वाजवून गेली. मोठ्या बँडच्या पितळी रांगांत तेव्हा स्त्री वादक क्वचितच दिसे.

थॅड गेला

१९६६चा पहिला आल्बम, १९६७चा ‘लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, ‘सेंट्रल पार्क नॉर्थ’, १९७०चा ‘कन्झुमेशन’ आणि त्यातलं ‘अ चाइल्ड इज बॉर्न’: नावलौकिक वाढत गेला. १९७२मध्ये बँड सोव्हिएत संघात जाऊन आला. ‘लाइव्ह इन म्युनिक’ला ग्रॅमी मिळालं. बँडचा खरा चालक थॅडचा हात होता. लिहिलेला कागद समोर असला तरी तो चालू रचनेत एखाद्याचा सोलो लांबवायचा, एखाद्या रांगेला खुणेने गप्प करायचा, मधूनच दुसऱ्या रांगेला साथ धरायला लावायचा. एकच रचना दोन सोमवारी सारखी वाजत नसे.

आणि १९७९मध्ये थॅड डेन्मार्कला निघून गेला. कोपनहेगनमध्ये त्याने डॅनिश रेडिओ बिग बँडचं काम घेतलं. बँडपाशी त्याच्या रचना उरल्या, तो हात उरला नाही. एका माणसाच्या प्रतिभेवर उभ्या असलेल्या संस्थेपुढे अशा वेळी सहसा दोनच वाटा दिसतात: बंद करणं, किंवा जुनंच वाजवत राहणं. मेलने तिसरी निवडली. तो ब्रुकमायरकडे गेला.

ब्रुकमायर १९६८मध्ये न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात स्टुडिओची कामं करायला गेला होता आणि नुकताच परतला होता. जाण्याआधी त्याने या बँडसाठी ‘विलो वीप फॉर मी’, ‘सेंट लुइस ब्लूज’ अशा काही रचना लिहून दिल्या होत्या. त्यातही परिचित धून मोडून, उलगडून, वेगळ्याच दिशेने नेण्याची त्याची खोड दिसते. आता तो संगीत-दिग्दर्शक झाला आणि ती खोड पूर्ण मोकळी सुटली. फेब्रुवारी १९८०मध्ये व्हॅनगार्डला ध्वनिमुद्रित झालेल्या आल्बमवर त्याचं नाव ठळकपणे संगीतकार म्हणून आलं. ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी त्यात पाहुणा होता. १९८२मध्ये ‘मेक मी स्माइल’ आलं. या संगीतात विसाव्या शतकातल्या युरोपीय रचनाकारांचा अभ्यास दिसतो. धून सरळ समोर येत नाही. एक छोटा तुकडा घेऊन तो वाढवत, वाकवत नेलेला असतो, आणि एकल वादनालाही त्या बांधणीतच जागा शोधावी लागते. थॅडचा मोकळा हसरा झोक ऐकायला येणाऱ्यांना हे जड गेलं असेल, पण बँडला त्याची गरज होती. थॅडच्या नकला करत बसण्यापेक्षा वादकांना नवीन काही सोडवायला मिळालं.

ब्रुकमायरचा दुसरा परिणाम बँडच्या बाहेर झाला. तो शिकवायचा. मॅनी अल्बमबरोबर त्याने १९८८मध्ये ‘बीएमआय’ या संगीतहक्क-संस्थेची जॅझ रचनाकारांसाठीची कार्यशाळा सुरू केली. मारिया श्नायडर ही त्याची शिष्या. मेलच्या बँडमध्ये १९७८पासून असलेला पियानोवादक जिम मॅकनीली पुढे त्याच कार्यशाळेच्या कामात उतरला. बिग बँडसाठी गंभीरपणे लिहिणाऱ्यांची एक पिढीच त्यातून तयार झाली.

थॅडने १९८५मध्ये बेसीच्या बँडचं नेतृत्व स्वीकारलं. ज्या बँडने त्याच्या वह्या परत केल्या होत्या, त्याच बँडचं. २० ऑगस्ट १९८६ला तो कोपनहेगनमध्ये वारला. मेलने १९८८मध्ये व्हॅनगार्डला ‘द डेफिनिटिव्ह थॅड जोन्स’ ध्वनिमुद्रित केला. जुन्या मित्राच्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या, आणि या वेळी ब्रुकमायरच्या संगीतातून तावून निघालेल्या वादकांनी त्या वाजवल्या.

मेलनंतर

मेल लुइस २ फेब्रुवारी १९९०ला गेला. बँडच्या चोविसाव्या वाढदिवसाला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. आदल्या वर्षी मॅक्स गॉर्डनही गेला होता आणि क्लब त्याची पत्नी लॉरेनकडे आला होता. आता बँडपाशी नावाचा नेता नव्हता, निधी नव्हता आणि जुना मालकही नव्हता. उरलं ते दोनच: शेकडो रचनांचं ग्रंथालय आणि सोमवार.

वादकांनी ठरवलं की नवा नेता बाहेरून आणायचा नाही. बँडचं नाव ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ झालं, क्लबच्या नावावरून. पुढे वादकांनी ‘सिक्स्टीन अ‍ॅज वन म्युझिक’ या नावाने ना-नफा संस्था नोंदवली. मंचावर सोळा जण, आणि संस्थाही त्या सोळांची. यात पुढाकार घेणाऱ्यांत लीड ट्रॉम्बोन वाजवणारा जॉन मोस्का होता, बेस ट्रॉम्बोनवाला डग्लस पर्व्हियन्स होता, आणि अल्टो सॅक्सोफोनवाला डिक ओट्स. तिघेही सत्तरच्या दशकापासून बँडमध्ये. मोस्का बँडचं संगीत चालवू लागला. पर्व्हियन्सने निर्मिती, करारमदार, पैशांचा व्यवहार ही कामं अंगावर घेतली. बेस ट्रॉम्बोनवाला म्हणजे बँडच्या आवाजाचा पाया धरणारा. हिशेबाची वहीही अखेर त्याच्याचकडे आली.

मोस्काच्या नेतृत्वात थॅडसारखी जादू नव्हती आणि त्याने तशी बतावणीही केली नाही. तो आपल्या रांगेत बसून वाजवायचा आणि तिथूनच बँड चालवायचा. हे या संस्थेने शोधलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. नेता पुढे उभा असला की बँड त्याच्याकडे बघतो. रांगेतच बसला असला की बँडला एकमेकांकडे कान द्यावे लागतात.

नव्या काळाचं धोरणही यातूनच आलं: एका आल्बममध्ये एकाच रचनाकाराचं संगीत. १९९७मध्ये जिम मॅकनीलीचा ‘लिकेटी स्प्लिट’, १९९९मध्ये ‘थॅड जोन्स लेगसी’. ज्याची लेखणी सर्वांत जास्त वेळ आपल्या हातात राहिली, त्याला पुरता आल्बम द्यायचा. मग पाळी आली एका ट्रॉम्बोनवाल्याची.

‘द वे’

लॉक्सली वेलिंग्टन हॅम्प्टन, जगाला ठाऊक असलेलं नाव स्लाइड हॅम्प्टन. जन्म १९३२, पेनसिल्व्हेनियातल्या जेनेटचा. वाढला इंडियानापोलिसमध्ये, म्हणजे जे. जे. जॉन्सनच्याच गावी. आई-वडिलांनी बाराही मुलांना वाद्यं शिकवून घरचाच बँड उभा केला होता. त्यात याच्या हाती ट्रॉम्बोन आला. तो उजवा, पण वाद्य डावीकडून धरायला शिकला आणि आयुष्यभर तसंच वाजवलं. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधून तो मेनार्ड फर्ग्युसनकडे गेला आणि तिथे लेखक म्हणून नाव कमावलं. मग स्वतःचा अष्टक. त्यात फ्रेडी हबर्ड, बुकर लिटल, जॉर्ज कोलमन यांसारखे तरुण. १९६८मध्ये वुडी हर्मनबरोबर युरोपात गेला आणि १९७७पर्यंत तिथेच राहिला. परतल्यावर त्याने ‘वर्ल्ड ऑफ ट्रॉम्बोन्स’ हा गट काढला: नऊ ट्रॉम्बोन आणि साथीला ताल-वाद्यं. मधल्या रांगेलाच त्याने पूर्ण मंच दिला. नऊ सारख्या वाद्यांतून एकसुरीपणा टाळायचा तर प्रत्येक स्वराची जागा, उंची, जोर वेगळा ठेवावा लागतो. ती शिस्त पुढे त्याच्या मोठ्या बँडच्या लेखनात दिसते.

‘द वे : म्युझिक ऑफ स्लाइड हॅम्प्टन’ २००४मध्ये आला. हा आल्बम ट्रॉम्बोनवाल्याचा आहे तो त्यातल्या कुठल्या लांबलचक सोलोमुळे नव्हे. हॅम्प्टनच्या लेखणीत पितळी रांगा साथीपुरत्या येत नाहीत. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन मिळून एकच जाड, उबदार आवाज तयार होतो, त्याचा तळ बेस ट्रॉम्बोन धरतो, आणि सॅक्सोफोन त्यातून वाट काढत जातात. ब्रुकमायर कोडी घालायचा. हॅम्प्टनचं संगीत झोक सोडत नाही, पाय ठेका धरतोच, पण आतली स्वरांची वीण घट्ट आहे. ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर’ या रचनेच्या संयोजनासाठी त्याला २००५चं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने त्याला ‘जॅझ मास्टर’ केलं. मोठ्या बँडच्या आल्बमचं ग्रॅमी त्या सोहळ्यात गेलं ते मारिया श्नायडरच्या ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ला. म्हणजे त्या रात्री या बँडच्या रचनाकाराला एक पुरस्कार आणि या बँडच्या जुन्या संगीत-दिग्दर्शकाच्या शिष्येला दुसरा.

‘ओव्हरटाइम’

२००८चा ‘मंडे नाइट लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ बँडला स्वतःच्या नावावर ग्रॅमी देऊन गेला. त्यानंतरचं मोठं काम ब्रुकमायरचं. अखेरच्या वर्षांत त्याने या बँडसाठी ‘स्वीट फॉर थ्री’ लिहिलं. तीन भाग, तीन वादकांसाठी: सॅक्सोफोनचे डिक ओट्स आणि रिच पेरी, ट्रम्पेटचा स्कॉट वेंडहोल्ट. भागांची नावंही ‘ओट्स’, ‘स्कॉट’, ‘रिच’ अशीच. १५ डिसेंबर २०११ला, ब्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस असताना, तो गेला. ‘ओव्हरटाइम : म्युझिक ऑफ बॉब ब्रुकमायर’ २०१४मध्ये आला. नव्या रचनांसोबत त्यात ‘स्कायलार्क’चं त्याचं जुनं, १९८०च्या सुमाराचं संयोजनही आहे. दोन ब्रुकमायर शेजारी ऐकता येतात: एक कोडं घालणारा, आणि दुसरा समोरच्या वादकाचा स्वभाव ओळखून त्याच्याच मापाचा अंगरखा शिवणारा. स्वतः ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या या माणसाने ‘स्वीट फॉर थ्री’मध्ये एकही जागा ट्रॉम्बोनच्या सोलोसाठी राखली नाही. मधल्या रांगेत घडलेल्या माणसाचा हा स्वभावच म्हणायचा.

२०१६मध्ये बँडने पन्नाशी साजरी केली. मार्च २०२०मध्ये महासाथीने क्लबला कुलूप लावलं आणि सोमवारांची साखळी तुटली. सप्टेंबर २०२१मध्ये दार उघडलं. त्यानंतर बँडही परत आपल्या सोमवारी रुजू झाला. लॉरेन गॉर्डन २०१८मध्ये गेली. क्लब आता तिची मुलगी डेबोरा चालवते. हॅम्प्टन नोव्हेंबर २०२१मध्ये गेला.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने आधी १९६६-६७चं थॅडचं संगीत ऐकावं, मग १९८०चं ब्रुकमायरचं, आणि मग ‘द वे’. प्रत्येक वेळी एकदा धुनीकडे कान द्यावा, आणि दुसऱ्या फेरीत फक्त ट्रॉम्बोनांकडे. नेते बदलत असताना आत काय टिकून राहिलं ते दुसऱ्या फेरीत कळतं. संस्थापकाच्या नावावर चाललेल्या संस्था त्याच्या पश्चात एक तर भांडतात किंवा त्याचा पुतळा उभारतात. या बँडने दोन्ही टाळलं. संस्थापकाच्या वह्या जपल्या, त्या वाजत्या ठेवल्या, आणि शेजारी नवी वही लिहवून घेतली. ते काम करणारी माणसं मुख्यतः अशा जागी बसलेली होती जिथे टाळ्या कमी पडतात, पण सगळा बँड पूर्ण ऐकू येतो.